नापासांच्या पदरात काय पडले?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबिजेला मी बहिणीकडे गेलो होतो. दर्यापूर तालुक्यातले तिचे गाव. अकोल्याहून सकाळची गाडी धरली, की न्याहारीच्या वेळेला माणूस तिच्या ओसरीवर असतो. ओसरीवर चिवड्याची परात होती, करंज्यांचा डबा होता, आणि दोहोंच्या मध्ये माझा भाचा मांडी घालून बसला होता. त्याचे लक्ष मात्र फराळाकडे नव्हते. हातात एक जाडजूड पुस्तिका होती आणि ओठ अखंड पुटपुटत होते. त्याचे आजोबा ह्याच जागी बसून पहाटे स्तोत्रे म्हणत, त्याची मला आठवण झाली. फरक एवढाच, की आजोबांना आपण म्हणतो त्याचा अर्थ ठाऊक असे.

पोरगा बी. ए. होऊन चार वर्षे झाली. अमरावतीला खोली करून राहतो आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. मला पाहताच पुस्तिका माझ्या हाती देऊन म्हणाला, "विचारा मामाजी, काहीबी विचारा." मी विचारले. मंगोलियाची राजधानी? उलानबातर. पेरूचे चलन? सोल. 'युबिक्विटस' म्हणजे काय? सर्वव्यापी. एकही उत्तर चुकले नाही. बहीण माजघरातून ऐकत होती. तिचा चेहरा दिव्यासारखा उजळला. मलाही बरे वाटले. खोटे कशाला सांगू?

तेवढ्यात माझी नजर ओसरीच्या कोपऱ्याकडे गेली. कपाशीवर फवारून उरलेल्या औषधाचा डबा तिथे ठेवला होता. डब्यावर एका टोकावर उभा केलेला चौकोन, आणि त्याचा खालचा अर्धा भाग, म्हणजे एक त्रिकोण, पिवळा रंगवलेला. मी सहज विचारले, "ह्या पिवळ्या रंगाचा अर्थ काय रे?"

त्याने डब्याकडे पाहिले. जन्मल्यापासून असले डबे त्याने शेकड्यांनी पाहिले असतील. मग तो हसला आणि म्हणाला, "थे पेपरात येत नाही नं, मामाजी."

वाचकहो, ह्या एका वाक्याशी माझे भांडण आहे. भाच्याशी नाही. ज्याने हे वाक्य त्याच्या तोंडी घातले त्या व्यवस्थेशी, त्या बाजाराशी, आणि त्या बाजाराला मुकाट्याने पैसे मोजणाऱ्या तुमच्या-माझ्याशी आहे. दिवाळीच्या दिवसांत भांडण काढू नये हे मला कळते. पण घरातली सगळी माणसे एका ठिकाणी सापडतात ती दिवाळीतच. म्हणून हीच वेळ मी धरली आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. ह्या पोरापोरींची टिंगल करायला मी बसलेलो नाही. शहरातले काही शहाणे लोक त्यांना 'पुस्तकी किडे' म्हणून हसतात, त्यांना वऱ्हाड माहीत नाही. ज्या घरात कापसाच्या भावावर लग्नाची तारीख ठरते, ज्या घरात एका पावसाने सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटतात आणि वर्षाची कमाई जाते, त्या घराला महिन्याच्या एका तारखेला येणाऱ्या पगाराचे मोल विचारा. नोकरीवाल्या मुलाला मुलगी मिळते, शेती करणाऱ्याला मिळत नाही, हे तर आता गावोगाव उघड बोलले जाते. तेव्हा पोरांनी सरकारी नोकरीची आस धरली, यात गैर काही नाही. गैर आहे ते दुसरेच.

आकड्यांकडे बघा. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांच्या वर. भागाकार केलात तर एका जागेमागे दोनशेहून अधिक अर्ज पडतात. परीक्षा १०० प्रश्नांची आणि २०० गुणांची; मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी ह्यांचे प्रत्येकी २५ प्रश्न. म्हणजे निम्मी परीक्षा इंग्रजीची आणि सामान्य ज्ञानाची. आता अशी कल्पना करा, की ते दहा लाख उमेदवार साक्षात बृहस्पती होते. तरी तलाठी किती झाले असते? ४,६४४ च. बाकीच्या बृहस्पतींना घरी परत जावे लागले असते.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. स्पर्धा परीक्षेत बहुतेकांनी अपयशी व्हावे हा अपघात नाही. तो त्या परीक्षेचा हिशेबच आहे. आणि राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या वर्गालाही ३८ वर्षांपर्यंत आहे. बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेला मुलगा सोळा वर्षे ह्या रांगेत उभा राहू शकतो. आयुष्यातली सगळ्यात कसदार सोळा वर्षे! तेव्हा तयारी चांगली की वाईट, हे पास झालेल्या एकाकडे पाहून ठरवायचे नाही. जे दोनशे परत आले त्यांच्या पदरात काय पडले, ते पाहून ठरवायचे. क्लासवाले दारावर पास झालेल्यांचे फोटो लावतात. नापास झालेल्यांचे फोटो लावायचे ठरवले, तर सबंध इमारतीची भिंत पुरायची नाही. त्या भिंतीविषयी मला बोलायचे आहे.

पहिल्याने हे 'सामान्य ज्ञान' म्हणजे काय ते पाहू. बाजारात मिळणाऱ्या पुस्तिका उघडा. पहिले, शेवटचे, सर्वांत लांब, सर्वांत उंच. कोणाला कोणता पुरस्कार, कोणत्या देशाची कोणती राजधानी. हे खोटे नाही, पण हे ज्ञानही नाही. विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. ज्ञान म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला सांधा. तो सांधाच ह्या पुस्तिकांतून काढून टाकलेला असतो, कारण चार पर्यायांच्या चौकटीत तो मावत नाही.

वऱ्हाडातलेच दाखले देतो. नेपोलियनचा वॉटर्लूला पराभव कोणी केला आणि केव्हा, हे भाच्याला पाठ आहे: वेलिंग्टनने, १८१५ साली. पण तोच वेलिंग्टन, तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली असताना, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रानात शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला. पुढच्या पंधरवड्यात त्याने मेळघाटातला गाविलगड घेतला. आणि भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, हे त्याला ठाऊक नव्हते. चिखलदऱ्याला सहलीला गेला होता, गाविलगडाच्या दरवाजात उभा राहून फोटो काढून आला होता! जगाचा इतिहास त्याच्या तेल्हारा तालुक्यातून चालत गेला, आणि तो त्याला मंगोलियात शोधतो आहे.

दुसरा दाखला घ्या. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५, हे वर्ष पुस्तिकेत असते. भारतातली पहिली आगगाडी १८५३, हेही असते. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर असतात आणि त्यांची आपसात कधी गाठ पडत नाही. आता ती गाठ घालून पाहा. त्या युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली; अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईना; लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या; आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. वऱ्हाड तर निजामाकडून १८५३ सालीच इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून लोहमार्ग पुढे सरकला आणि १८६७ साली नागपूरला पोचला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात उतरला, आणि इथला भाव कोसळला. सातासमुद्रापलीकडच्या एका घडामोडीने आपल्या पणजोबाच्या घरात आधी लक्ष्मी आणली आणि मग सावकार आणला. हे ज्याला कळले त्याला आजचा कापसाचा भाव का चढतो-उतरतो हेही अर्धे कळले. हे ज्ञान तलाठ्याला उपयोगी आहे; तलाठी न झालेल्या शेतकऱ्याला तर त्याहून अधिक उपयोगी आहे.

तिसरा दाखला तर बहिणीच्या अंगणातलाच. तिच्या गावच्या विहिरीचे पाणी खारट. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून पसरलेला हा खारपाणपट्टा. ह्या पाण्याने तहान भागत नाही आणि ते पिकाला देऊ गेले तर जमीन बिघडते. राजस्थानातल्या सांभर सरोवराचे खारटपण भाच्याला माहीत होते. स्वतःच्या विहिरीचे त्याने फक्त जिभेने ओळखले होते, डोक्याने कधी विचारले नव्हते. पूर्णा पुढे कोणत्या नदीला मिळते, असे विचारल्यावर तो थोडा घुटमळला आणि मग तापी म्हणाला, बरोबर सांगितले. पण आपल्याकडच्या बाकीच्या नद्या पूर्वेकडे वळत असताना ही पश्चिमेकडे का निघाली, असे विचारताच पुन्हा तेच उत्तर: "थे पेपरात येत नाही."

आणि चौथा दाखला सांगताना मला खरोखरच वाईट वाटते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, ही तारीख आज कोणताही उमेदवार झोपेतून उठवला तरी सांगेल. तो दर्जा ज्या पुराव्यांवर मागितला गेला त्यांत आपल्या गद्याचा आद्य ग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' आहे. आणि ते सिद्ध झाले ते मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, अमरावतीपासून हाकेच्या अंतरावर. तारीख पाठ आहे. ग्रंथाचे एक पान वाचलेले नाही. ज्ञानाच्या नावाखाली आपण पोरांना पाकिटावरचा पत्ता पाठ करायला लावतो आणि आतले पत्र उघडू देत नाही.

आता इंग्रजीकडे वळतो. हा विषय माझ्या वर्मी लागणारा आहे, कारण मी उभा जन्म अकोल्यात इंग्रजी शिकवण्यात घालवला. कबुली देतो, की मीही फळ्यावर समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या लिहून दिल्या, म्हणी पाठ करून घेतल्या, आणि मुलांना गुण मिळाले म्हणून पाठ थोपटून घेतली. ह्या पापात माझाही वाटा आहे. म्हणूनच त्याबद्दल बोलण्याचा मला हक्क आहे असे मी मानतो.

भाच्याला मी म्हटले, "पीकविम्याचे पैसे आले नाहीत म्हणतोस ना? बँकेच्या व्यवस्थापकाला इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लिही." 'युबिक्विटस' जाणणारा मुलगा दुसऱ्या ओळीवर थांबला. मी म्हटले, "बरे, मराठीत लिही." तिथेही तो तिसऱ्या ओळीवर थांबला! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अडचण इंग्रजीची नव्हतीच. चार वर्षांत ह्या मुलाने गोल काळे करण्याखेरीज लेखणीचा दुसरा उपयोगच केला नव्हता. आपल्याला काय म्हणायचे आहे ते ठरवायचे, ते क्रमाने मांडायचे, आणि समोरच्याला पटेल असे लिहायचे, ही विद्या कोणत्याही भाषेत त्याच्या वाट्याला आली नव्हती. ज्याला ही विद्या आपल्या भाषेत येते, त्याला इंग्रजी शिकायला वेळ लागेल, पण ती येईल. ज्याला ती आपल्याच भाषेत येत नाही, त्याने इंग्रजी शब्दांचे पोते पाठीवर घेतले तरी ते ओझेच.

आता त्या डब्याकडे परत येऊ. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंग कायद्याने ठरलेला आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. रंगासोबत इंग्रजी शब्दही ठरलेले आहेत. लाल आणि पिवळ्याला 'पॉयझन', निळ्याला 'डेंजर', हिरव्याला 'कॉशन'. लालवर शिवाय कवटी आणि हाडे. आता इंग्रजीच्या सरावाला ह्याहून सुंदर धडा कोणता? पुस्तिकेत 'डेंजर' आणि 'कॉशन' हे जवळपासचे शब्द म्हणून एकाच यादीत पडतात. डब्यावर त्या दोन शब्दांत माणसाच्या जीवाचे अंतर आहे. शब्दाचा अर्थ पाठ करणे वेगळे आणि शब्दाचे वजन कळणे वेगळे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा डब्यावरून हा म्हातारा केवढे रामायण लिहितो! त्यांना मी २०१७ सालची आठवण देतो. त्या हंगामात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर प्राणाला मुकले. दोष त्या मेलेल्यांचा नव्हता. घातक औषधे बेधडक विकणारे, ती एकात एक मिसळायला सांगणारे आणि त्यांच्यावर नजर न ठेवणारे ह्यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे. मी फक्त एवढे विचारतो, की आज ज्या घरांतून असे डबे येतात त्यांतल्या कित्येक घरांत एक पदवीधर मुलगा सामान्य ज्ञान आणि इंग्रजी पाठ करीत बसलेला असतो. त्याच्या सामान्य ज्ञानाचा आणि त्याच्या इंग्रजीचा त्याच्या बापाला काय उपयोग?

आता आक्षेपांना उत्तरे देतो, कारण आक्षेप येणार हे मला माहीत आहे.

पहिला आक्षेप क्लासवाल्यांचा: "आम्ही काय करणार? पेपरच तसा येतो." हे अर्धसत्य आहे. तलाठी, शिपाई, लिपिक ह्या परीक्षांत चार पर्याय येतात हे खरे. पण राज्यसेवेचे काय झाले ते आठवा. आयोगाने २०२२ साली जाहीर केले, की मुख्य परीक्षेत पर्याय निवडण्याऐवजी उत्तरे लिहावी लागतील. बदल २०२३ पासून व्हायचा होता. पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि अंमल २०२५ च्या परीक्षेवर गेला. तयारीला अवधी द्या, ही त्यांची मागणी रास्त होती. एकाएकी नियम बदलणे हा अन्यायच. पण उत्तर लिहावे लागणार, हे ऐकून पदवीधरांच्या पोटात गोळा यावा, हे लक्षण कशाचे? आज निबंधाचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे; मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर आहेत आणि त्यांत किमान २५ टक्के मिळवावेच लागतात. 'पेपरात येत नाही' म्हणून ज्यांनी लेखणी बाजूला ठेवली, त्यांच्या पेपरात आता लेखणीच आली आहे! पेपरावर विश्वास टाकून विद्या सोडणाऱ्याला शेवटी पेपरच दगा देतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा: "ही सगळी मेकॉलेची देणगी. घोकंपट्टी त्यानेच आणली." मेकॉलेच्या माथी मारण्यासारखे पुष्कळ आहे, पण हे त्याच्या माथी मारता येत नाही. सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा सुचवणाऱ्या त्याच्या समितीने १८५४ साली अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी लंडनला पहिली परीक्षा झाली. त्या अहवालातच बजावून ठेवले आहे, की पसरट पण उथळ ज्ञानाला बक्षीस द्यायचे नाही. एखाद्या विषयाची नुसती तोंडओळख असलेल्याला त्या विषयाचे गुणच देऊ नयेत. परकीय राज्यकर्त्याला स्वतःच्या नोकरांसाठी जे नको होते, ते आपण स्वराज्यात आपल्या मुलांना वर्गणी भरून विकत घेऊन देतो आहोत.

त्या परीक्षेत १९१८ साली पहिला आलेला माणूस मराठीच होता. चिंतामणराव देशमुख. आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सेवेत त्यांची उमेदवारी गेली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. आणि ह्याच माणसाने कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले. ज्याचे इंग्रजी इतके पक्के, त्याचे संस्कृत आणि मराठी सुटले नव्हते. भाषा एकमेकींच्या सवती नसतात, हे सांगायला ह्याहून मोठा साक्षीदार कुठून आणू?

तिसरा आक्षेप अभिमान्यांचा: "रिद्धपूरच्या जिल्ह्यात इंग्रजी कशाला?" त्यांना मी अमरावतीचेच नाव सांगतो. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरोला आणि ऑक्सफर्डला गेला, बॅरिस्टर झाला, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. आणि परत येऊन १९३२ साली त्याने श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती खेड्यातल्या मुलांसाठी. पंजाबरावांचे इंग्रजी त्यांना गावापासून दूर घेऊन गेले नाही. गावाच्या कामाला आले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे ते उगीच नाही. इंग्रजी शिकायची ती अशी, की तिच्यातले शहाणपण उचलून आपल्या ओसरीवर आणता यावे.

चौथा आक्षेप खुद्द मुलांचा, आणि तोच मला सर्वांत जड वाटतो: "मामाजी, वेळ नाही." बाबांनो, सोळा वर्षे आहेत आणि वेळ नाही? अमरावतीत गाडगेनगराकडे किंवा अकोल्यात जठारपेठेकडे एक चक्कर मारा. अभ्यासिकांच्या पाट्या दिसतील. आत खुर्ची मिळते, दिवा मिळतो, पंखा मिळतो, महिन्याचे भाडे भरले की पहाटेपासून रात्रीपर्यंत बसता येते. नसते ते एकच: पुस्तक. जो तो आपापली पुस्तिका घरून घेऊन येतो. बोलायचे नाही, विचारायचे नाही, शेजाऱ्याकडे पाहायचे नाही. आणि गावातले जुने ग्रंथालय, जिथे पुस्तके आहेत, तिथल्या कपाटांना कुलपे! पुस्तकांना वाचक नाहीत आणि वाचकांना पुस्तके नाहीत, अशी ही आमची सरस्वतीपूजा.

नुसते भांडून उठणे मला शोभणार नाही, मागणेही मांडतो. अभ्यासिका चालवणाऱ्यांनो, एक मोठा शब्दकोश, एक नकाशासंग्रह आणि आपल्या जिल्ह्याचे गॅझेटिअर एवढे तीन ग्रंथ तरी मांडा, आणि दिवसातला एक तास बोलण्याची मुभा द्या. चार जणांनी बसून एका बातमीवर 'का?' म्हणून विचारले, तर चारशे प्रश्नोत्तरांहून अधिक पदरात पडते. मुलांनो, रोज एकच बातमी घ्या. आधी मराठी वृत्तपत्रात वाचा, मग तीच इंग्रजी वृत्तपत्रात वाचा, दोन्ही मिटवा आणि दोन्ही भाषांत पाच-पाच वाक्ये लिहून कोणाला तरी वाचून दाखवा. घरात येणारा एकही कागद न वाचता ठेवू नका: विजेचे बिल, सातबारा, विम्याचे पत्रक, बियाण्याची पिशवी, औषधाचा डबा. वर्षभर एवढे करा. मग परीक्षेला बसा, जरूर बसा. जागा मिळाली तर सरकारला बरा नोकर मिळेल. नाही मिळाली तर गावाला बरा माणूस मिळेल, आणि तुम्हाला मागे वळून पाहताना ती वर्षे वाया गेली असे वाटणार नाही.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, सगळ्यात मोठे मागणे तुमच्याकडे आहे. दिवाळीला पोरगा घरी आला, की उंबऱ्यातच आपण विचारतो, "लागला का रे नंबर?" त्या एका प्रश्नाने त्याचा फराळ कडू होतो. कित्येक मुले म्हणूनच दिवाळीला घरी येत नाहीत, अभ्यासाचे निमित्त सांगून त्या खोलीतच सण काढतात. हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. एवढे वर्ष तो प्रश्न गिळून टाका. "काय वाचलंस, सांग आम्हाला," असे विचारा. आणि तो सांगू लागला, की बसून ऐका.

त्या दिवशी भाऊबिजेची ओवाळणी झाल्यावर भाच्याने स्वतःच तो डबा उचलला. मराठी पत्रक सोबत आलेले असणार, पण ते केव्हाच चुलीत गेले होते. डब्यावर उरली होती ती बारीक अक्षरातली इंग्रजी. तो एकेक वाक्य वाचू लागला आणि पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर मराठीत लिहू लागला. एका वाक्यापाशी तो बराच वेळ अडला. आधी त्याने लिहिले, 'वायूच्या विरुद्ध दिशेस फवारणी करू नये.' मग ते खोडले आणि बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबा, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नोका, असं लिहेल हाय."

बाप पायरीवर बसून पान खात होता. तो म्हणाला, "थे तं मले मालूम हाय. पन रंगाचं काय म्हनत होते मामाजी? थो पिवळा रंग कायचा हाय?"

आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात बापाने लेकाला असा प्रश्न विचारला, की ज्याचे उत्तर बापाला हवे होते.